जमाखर्चाबाहेरचे

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यासमोरील क्वीन मेरीज कॉलेज १९१४ साली सुरू झाले. म्हणजे महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाहून दोन वर्षे आधी. परवा कचेरीच्या कामानिमित्त त्या आवारात जाण्याचा योग आला. तास संपले होते. झाडांखाली कोणी टिपणे उतरवून घेत होत्या, कोणी नुसत्याच गप्पा मारीत होत्या. एका बाजूला पाच-पाच जणींचा बॉल बॅडमिंटनचा डाव रंगला होता. हा खेळ मूळचा आपल्या ओळखीच्या तंजावरचा. चेंडू पिवळ्या लोकरीचा, हलका. पाहणारे कोणी नव्हते, बक्षीसही नव्हते. तरीही चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, यावर जोराचा वाद झाला आणि एका मुलीने आपल्याच बाजूविरुद्ध कौल दिला.

माझी धाकटी बहीण खो-खो उत्तम खेळत असे. दहावीच्या वर्षी मी वडीलकीच्या नात्याने तिला विचारले होते, "खेळून काय मिळणार आहे?" तिने उत्तर दिले नाही, खेळ मात्र सोडला.

त्या मुलीचा कौल ऐकून वाटले, उत्तर सापडले : खेळाने सचोटी मिळते. पण हे उत्तरही जमाखर्चाचेच झाले. सचोटी मिळावी म्हणून ती मुलगी खेळत नव्हती. ती खेळत होती, एवढेच.

२००३ साली याच जागी नवे सचिवालय बांधण्याचा राज्य सरकारचा बेत होता. विद्यार्थिनींनी निकराने विरोध केला आणि तो बेत मागे पडला. मी स्वतः कारकून आहे. सरकारला कचेऱ्या लागतात, हे मी नाकारणार नाही. परंतु कचेरीची गरज टिपणीत मांडता येते, संध्याकाळच्या डावाची येत नाही. ज्याचे समर्थन करता येते तेच श्रेष्ठ, असे मानले तर मनुष्याच्या आयुष्यातील किती गोष्टी शिल्लक राहतील? आणि ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडे उत्तर मागणे हा न्याय की केवळ बळजोरी?

भाचीची यंदा शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. तिचा खो-खो बंद करावा काय, असे बहिणीने मला विचारले होते. "करू नकोस," एवढेच मी कळविले. कारण दिले नाही.