मिरपूड दुसऱ्यांदा पळत नाही

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या खोलीत दहा-बारा मुले एका बशीभोवती जमली होती. बशीत पाणी, पाण्यावर मिरपूड. हात धुण्याचे महत्त्व सांगायला आलेल्या ताई म्हणाल्या, "ही मिरपूड म्हणजे जंतू, बरं का." एका मुलाने बोटाला भांडी घासायचा लिक्विड साबण लावला, बोट पाण्याच्या मधोमध टेकवले आणि मिरपूड झटक्यात काठाला पळाली. टाळ्या पडल्या. "बघितलंत? साबण दिसला की जंतू पळतात!" तेवढ्यात दुसरीतली एक मुलगी पुढे सरकली. तिनेही बोटाला साबण लावला आणि बोट त्याच बशीत टेकवले. मिरपूड जागची हलली नाही. तिने पुन्हा टेकवून पाहिले. काहीच नाही. "ताई, आता जंतू घाबरत नाहीत का?" ताई हसल्या आणि पाणी बदलायला बशी उचलून आत गेल्या.

त्या खोलीत विज्ञान घडले ते या दुसऱ्या बोटाने. पहिल्या बोटाने झाली ती हातचलाखी.

मिरपूड पळते ती साबणाला भिऊन नव्हे. पाण्याच्या पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, पृष्ठभागाला ताण देतात. हलकी मिरपूड त्या ताणावर तरंगत राहते. मध्यभागी साबण पडला की तिथला ताण सैल होतो, काठाकडचा तसाच राहतो आणि पाण्याचा वरचा थर काठाकडे खेचला जातो. मिरपूड त्याच्याबरोबर जाते इतकेच. साबण बशीभर पसरल्यावर ताणातला फरकच उरत नाही, म्हणून दुसऱ्या बोटाला ती दाद देत नाही. हातावर असे काही होत नाही. तिथे जंतू तेलकट थराला, मळाला, नखांच्या कडांना धरून बसलेले असतात. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. तेलाकडची टोके मळाच्या कणाला वेढतात, चोळल्याने तो सुटतो आणि वाहते पाणी त्याला घेऊन जाते. म्हणजे हात धुणे हे साबण, चोळणे आणि पाणी या तिघांचे काम आहे. मिरपुडीच्या खेळात चोळणे नाही, वाहते पाणी नाही, वेळ तर मुळीच नाही. मूल त्यातून एवढेच उचलते, की साबण नुसता लागला की झाले. बेसिनपाशी ते करते तेही नेमके हेच.

यावर कुणी म्हणेल, सात वर्षांच्या मुलाला पृष्ठीय ताण कुठे समजावत बसायचा? हात धुतल्याशी कारण. मला हा सौदा महाग वाटतो. ज्या मुलीने त्याच बशीत दुसऱ्यांदा बोट घातले, ती नकळत वैज्ञानिकाचे पहिले काम करत होती: जे एकदा घडले ते पुन्हा घडते का, हे पाहत होती. आपण बशी उचलली आणि तिला सांगितले, की विचारू नकोस, टाळ्या वाजव. हात धुण्याचा धडा देताना आपण विचारण्याची सवयच धुऊन टाकली.

मिरपुडीऐवजी घरात हळद आहेच. हळद पाण्यात कालवून मुलांच्या हातांना चोळावी, किंचित सुकू द्यावी आणि मग वडीचा साबण द्यावा. वडीचा साबण अल्कधर्मी असतो आणि अल्क लागला की हळदीचा पिवळा रंग लालसर होतो. कपड्यावरचा वरणाचा डाग साबण लागताच लाल झालेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. म्हणजे हळद मुलाला त्याच्याच हातावर नकाशा काढून देते: जिथे लाल झाले तिथे साबण पोचला, जिथे पिवळे राहिले तिथे नाही. बहुतेक वेळा तळवे लाल होतात. अंगठ्याचे मूळ, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा पिवळ्याच राहतात. वीस सेकंद चोळा, असे शंभरदा सांगून जे कळत नाही ते इथे मूल स्वतः पाहते. हाच प्रयोग हँडवॉशने केला तर रंग अनेकदा बदलतच नाही, कारण बरेचसे हँडवॉश तितके अल्कधर्मी नसतात. मग मूल विचारते, "म्हणजे हा साबण खोटा?" आणि पुढचा तास सुरू होतो.

दुसरा प्रयोग पावाचा. बेकरीतून ताजा लादी पाव आणावा, कारण पाकिटातल्या ब्रेडमध्ये बुरशी रोखणारे रसायन घातलेले असते आणि तो मुलांचा धीर संपेपर्यंत तसाच राहतो. पावाचे चार तुकडे करावेत. एकाला शाळेतून आल्या आल्या हात लावायचा, दुसऱ्याला नुसत्या पाण्याने धुतलेला, तिसऱ्याला साबणाने धुतलेला, चौथ्याला कुणीच हात लावायचा नाही; चिमट्याने उचलून ठेवायचा. चारही तुकडे वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत घट्ट बंद करायचे, चिठ्ठ्या लावायच्या, एकाच ठिकाणी ठेवायचे. पिशव्या नंतर उघडायच्या नाहीत, तशाच कचऱ्यात टाकायच्या.

मुंबईच्या दमट हवेत चार-पाच दिवसांत हिरवट-काळे ठिपके दिसू लागतात. पुस्तकात हा प्रयोग नेहमी यशस्वी होतो. घरी होतोच असे नाही. साबणाच्या हाताच्या पावालाही बुरशी येते, कधी आधी येते. न शिवलेला चौथा तुकडाही सुटत नाही. इथे बहुतेक मोठी माणसे चोरून पाव बदलतात. तसे करू नये. बुरशीचे बीजाणू हवेतही असतात, पाव कापणाऱ्या सुरीवरही असतात. शिवाय जुलाब आणि पोटदुखी आणणारे जिवाणू-विषाणू बुरशीसारखे डोळ्यांना दिसतच नाहीत; बुरशी त्यांची प्रतिनिधी आहे, ते स्वतः नव्हे. चौथा तुकडा नसता तर मुलांनी सगळा दोष हातांवर टाकला असता. तो होता म्हणून त्यांना विचारता आले, "हात न लावता ही आली कुठून?" एका तुकड्यावरून निकाल द्यायचा नसतो, प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा तुकडे मोजायचे असतात, हे कुठल्याही फळ्यापेक्षा हा फसलेला पाव चांगले शिकवतो.

मोजून, तुलना करून हात धुण्याचे महत्त्व प्रथम ठसठशीत दाखवले ते व्हिएन्नातल्या इग्नाझ सेमेलवाइसने. तिथल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका दगावत. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत. सुईणी शवविच्छेदन करत नसत. सेमेलवाइसने १८४७ च्या मे महिन्यात सगळ्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरामागे १८ बायका दगावल्या होत्या. जूनमध्ये ते प्रमाण दोनाच्या आसपास आले. इतका लखलखीत पुरावा असूनही बहुतेक सहकाऱ्यांनी तो मानला नाही. हातांवर नेमके काय असते हे सांगायला जंतूंचा सिद्धांत अजून स्थिर व्हायचा होता. शिवाय सभ्य माणसाचे हात रोग पसरवतात, हे ऐकणे सभ्य माणसांना अपमानाचे वाटले. सेमेलवाइस १८६५ मध्ये मनोरुग्णालयात वारला. हात कुणाचा, यावर तो स्वच्छ की अस्वच्छ हे ठरवण्याची खोड इतकी जुनी आहे.

आपल्याकडे तर या खोडीला धर्माचा आधार होता. मराठीत 'शुद्ध' आणि 'स्वच्छ' हे दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते शतकानुशतके एकमेकांत मिसळत आलो. सोवळ्यातला हात मळलेला असू शकतो आणि ओवळा हात निर्मळ असू शकतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी मंत्र म्हणत तळ्यात ओतल्या आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. पावाचे चार तुकडे पाहिलेल्या दहा वर्षांच्या मुलाला ही हकीकत सांगून विचारावे, की पाणी कशाने बिघडले असेल? उत्तर द्यायला त्याला इतिहासाच्या शिक्षकाची गरज पडणार नाही.

म्हणूनच हात धुणे मुलांना 'चांगला संस्कार' म्हणून देण्यापेक्षा प्रयोग म्हणून द्यावे, असा माझा आग्रह आहे. संस्कार म्हणून दिले की त्यातून लगेच 'घाणेरडी मुले' निघतात आणि ती कुठल्या वस्तीतली हेही ठरलेले असते. प्रयोगात प्रत्येकाच्या हातावरची हळद सारखीच पिवळी असते. गाडगेबाबा गावात शिरताच आधी खराटा हातात घेत आणि रात्रीच्या कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारत. खराटा आणि प्रश्न ही जोडी त्यांनी कधी तोडली नाही. आपण खराटा शासकीय मोहिमांच्या फलकांवर घेतला आणि प्रश्न कीर्तनातच ठेवला.

मुलुंडमध्ये बसून एक प्रश्न टाळता येत नाही: पाणी. सुमारे शंभर किलोमीटरवरून येणाऱ्या तानसाच्या प्रचंड जलवाहिन्या आमच्याच उपनगरातून शहरात शिरतात. शेजारी भांडुपला मुंबईच्या बहुतांश पाण्याचे शुद्धीकरण होते. तरी मुंबईत पाणी देण्याचा रूढ मापदंड इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असा राहिला आहे. अनधिकृत म्हणून काही वस्त्यांना तेही नाकारले जात होते. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाला पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगावे लागले, की पाणी हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि घर अनधिकृत असले तरी ते नाकारता येत नाही. डोंगरउतारावरच्या वस्तीतल्या मुलाला आपण वीस सेकंद हात चोळायला सांगतो, तेव्हा पिंपातले कुठले पाणी त्यासाठी खर्चायचे हा हिशेब त्याची आई करत असते.

हा हिशेबही प्रयोगात आणता येतो. नळ सोडून हात धुवायचे, खाली बादली ठेवायची आणि पाणी मोजायचे. मग साबण चोळताना नळ बंद ठेवून पुन्हा मोजायचे. शेवटी तांब्याने बारीक धार धरून. इमारतीतल्या मुलांना तिसरा आकडा पाहून धक्का बसतो. वस्तीतली मुले तो आधीपासून जाणतात आणि त्या तासाला तीच शिक्षक होतात. महागडा जंतुनाशक साबण हवाच असेही नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटकांवर घरगुती जंतुनाशक साबणांमध्ये बंदी घातली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक उपयोगी असल्याचे कंपन्यांना दाखवता आले नाही.

प्रयोगाने सवय लागत नाही, हे मला मान्य आहे. सेमेलवाइसचे आकडे पाहूनही डॉक्टरांना ती लागली नाही. सवय लागते ती जेवणाच्या वाटेवर बेसिन असल्याने, त्यावर साबण असल्याने आणि घरातली मोठी माणसे लोकलमधून उतरून आल्यावर आधी तिकडे वळल्याने. पण सवय कशासाठी हे ज्याला कळले आहे, तो नळ कोरडा असेल तेव्हा गप्प बसत नाही. पाणी का नाही, हे विचारतो. आज्ञा पाळणारे मूल कोरड्या नळापाशी हात झटकून निघून जाते.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला जागतिक हातधुणे दिन येतो आणि शाळाशाळांतून घोषणा होतात. शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती एवढीच, की त्या दिवशी मिरपूड जरूर आणा, पण बशी लगेच उचलू नका. दुसऱ्या मुलालाही त्याच पाण्यात बोट घालू द्या आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्या. त्याआधी मात्र शाळेच्या नळाला पाणी आणि नळापाशी साबण आहे ना, हे एकदा स्वतः जाऊन पाहा.