खाडा कुणाच्या नावावर?

25 मार्च 2020 ला कोरोनामुळे टाळेबंदी लागली आणि बांधकामं जिथल्या तिथे थांबली. त्या काळातल्या मजुरांच्या ताणाचा विषय निघाला की आजाराची भीती आणि गावाची ओढ एवढंच बोललं जातं. दोन्ही होतंच. पण या ताणाचं मूळ हजेरीच्या वहीत आहे.

बिल्डर ठेकेदाराला काम देतो, ठेकेदार त्यातला तुकडा मुकादमाला देतो आणि मुकादम गावाकडून माणसं आणतो. काम बंद पडलं की बिल्डर बिल थांबवतो, ठेकेदार मुकादमाचे पैसे अडकवतो आणि मुकादम म्हणतो, ‘वरून आले की देतो.’ प्रत्येक जण तोटा खाली ढकलतो. मजुराच्या खाली कुणीच नसतं. त्याच्या डोक्यावर उलट उचल फेडायची बाकी असते.

आजारपणातही तेच. आला तर हजेरी, नाही आला तर खाडा. त्या साथीत कणकण वाटत असलेला सेंट्रिंगवाला सकाळी तापाची गोळी घेऊन गेटवर यायचा. कपाळासमोर तापमापक धरला जायचा, तेव्हा त्याच्या मनात हिशेब चालू असायचा: ताप निघाला तर विलगीकरणातल्या 14 दिवसांची मजुरी गेली, आणि पत्र्याच्या खोलीत शेजारी झोपणाऱ्यांचीही. म्हणून तो खोकला दाबायचा. आपण याला बेफिकिरी म्हणालो. तोच माणूस तसाच परांचीवर चढायचा, तेव्हा हा ताण जिवावरही बेतू शकत होता.

एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात मजूर साइटवरच राहत असतील तेवढीच बांधकामं चालू ठेवायची मुभा होती. संसर्ग रोखायला नियम योग्यच. पण नाक्यावर उभं राहून रोज काम शोधणाऱ्याचा त्यात रोजगार गेला.

मदतही याच साखळीत अडकली. 1996 च्या बांधकाम कामगार कल्याणाच्या कायद्यानुसार बांधकाम खर्चावर उपकर जमा होत होता; त्यातून 2020 मध्ये राज्यातल्या नोंदणीकृत कामगारांना 2000 रुपये मिळाले. मात्र नोंदणीला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि साइट बदलत फिरणाऱ्या मजुराला तो कुठला ठेकेदार सहजासहजी देणार?

ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं द्यावी, ही तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. तेच तत्त्व आजारपणाच्या दिवसांना लावायला हवं, आणि नोंदणी मजूर गेटमधून पहिल्यांदा आत येतो त्याच दिवशी व्हायला हवी. ताणासाठी समुपदेशन त्यानंतर. ‘मला ताप आहे’ असं मजुराला न घाबरता सांगता आलं, तर त्याचा ताण हलका होईल आणि सोबत राहणाऱ्यांचे जीवही सांभाळले जातील.