करणारा आणि करवणारा

तासगावच्या गणपती मंदिराचे सात मजली, दाक्षिणात्य धाटणीचे गोपुर मराठा सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांच्या कर्नाटकातल्या मोहिमांची आठवण देते आणि त्यांच्या भक्तीचीही. याच भाऊंच्या टिपूविरुद्धच्या मोहिमेत, १७९१ साली, पटवर्धनी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, माणसे मारली, शारदेची मूर्ती जागची हलवली. भाऊंचा तसा हुकूम नव्हता, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. ते खरे धरले, तरी हुकूम न देणारा तेवढ्याने पापातून सुटतो का?

याचे उत्तर हुकमात नव्हे, पगारात शोधावे. पेंढाऱ्याला फौजेतल्या शिपायासारखे वेतन नसे. लूट हीच त्याची कमाई. उलट लुटीच्या परवानगीबद्दल सरदारच त्याच्याकडून पालपट्टी नावाचा कर घेत. शत्रूचा मुलूख उजाड व्हावा, त्याची रसद तुटावी आणि खर्च मात्र आपल्या खजिन्यावर पडू नये, असा हा सोयीचा व्यवहार होता. ज्याला पोटासाठी लुटीवाचून दुसरी वाट ठेवली नाही, त्याला लुटीचा निराळा हुकूम कशाला हवा? आपस्तंबाचे धर्मसूत्र कर्माच्या फळात तिघांना भागीदार मानते: करवणारा, संमती देणारा आणि करणारा. या वाटणीत करणाऱ्याचे पाप हलके होत नाही. फक्त बाकीच्या दोघांना अंग काढून घेता येत नाही.

मोकाट टोळी कोणाच्या ताब्यात असते, हा आक्षेप वजनदार आहे. १९८६ मध्ये निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तिथल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना शस्त्रे, पैसा व प्रशिक्षण दिल्याबद्दल अमेरिकेला दोषी धरले. पण प्रत्यक्ष नियंत्रण सिद्ध न झाल्याने त्यांचे अत्याचार तिच्या माथी मारले नाहीत. शिक्षेसाठी कायद्याने असा काटेकोर पुरावा मागणे योग्यच. नीतीचा प्रश्न मात्र त्याच्या आधी सुरू होतो. जे आवरता येणार नाही हे ठाऊक असते, तेच हाताशी धरायचे आणि मग ताबा नव्हता म्हणायचे, हा बचाव नव्हे, कबुली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर हल्लेखोर शासनाचे नव्हेत, असे पाकिस्तान म्हणाले, तेव्हा आपण ते मानले नाही, आणि बरोबरच केले. पण तोच निकष शृंगेरीलाही लावायला हवा. परक्याला धरणारा आणि आपल्याला सोडणारा नियम धर्म नव्हे, नुसता पक्षपात आहे.