माउस नसलेल्या माणसाला काय दिसतं?

तुम्ही हे फोनवर वाचत असाल, तर मी ज्याबद्दल लिहितोय ते तुमच्या स्क्रीनवर बहुधा घडतच नाही. कॉम्प्युटरवर एखाद्या फोटोवर माउसचा बाण नेला की फोटो किंचित उजळतो, जरासा मोठा होतो किंवा खालून एक ओळ वर सरकते. याला होव्हर म्हणतात. मी वेबसाइट बनवतो आणि हे बारीक काम मला मनापासून आवडतं.

कारण होव्हरमध्ये एक सभ्यता आहे. क्लिक हा निर्णय असतो, होव्हर ही नुसती चौकशी. दुकानात कापडावरून हात फिरवावा आणि दुकानदाराने लगेच ‘किती मीटर देऊ?’ असं विचारू नये, तसं.

काचेवरच्या बोटाला मात्र अशी चौकशी करता येत नाही. बोट नुसतं वर घुटमळतंय हे बहुतेक फोनना कळत नाही, टेकलं की कळतं. होव्हर सीएसएसमध्ये आलं १९९८ साली, सीएसएस २ बरोबर. तेव्हा वेब म्हणजे टेबलावरचा कॉम्प्युटर आणि शेजारी माउस. आज काही फोन पहिल्या टॅपलाच होव्हर समजतात, पण ती तडजोड झाली.

मग प्रश्न उरतो: होव्हरमागे काय ठेवायचं?

एका फोटोप्रदर्शनाच्या वेबसाइटसाठी माझ्याकडे मागणी आली, की फोटोतल्या माणसांची आणि गावांची नावं माउस नेल्यावरच दिसू देत. म्हणजे फोटो ‘स्वच्छ’ राहतो. मागणी सौंदर्याची होती, पण मला त्यात न्यायाचा प्रश्न दिसला. माउसवाल्याला माणूस भेटणार आणि फोनवाल्याला नुसता चेहरा. हात थरथरतो म्हणून कीबोर्डवरच काम करणाऱ्यालाही तसंच. आणि यातलं कोणीही तक्रार करणार नाही. आपल्याला काही मिळालेलं नाही हेच ज्याला ठाऊक नाही, तो तक्रार कशाची करणार? म्हणून ती जबाबदारी बनवणाऱ्यावर येते.

‘सगळ्यांना सगळं सारखं कसं मिळेल?’ असं कोणी म्हणेल. नाहीच मिळणार. फोटोचं उजळणं सगळ्यांना दिसलं नाही तरी चालेल. ते न दिसल्याने थोडी गंमत हुकते, एवढंच. पण नाव, किंमत, अट हुकली तर माणूस अर्धवट माहितीवर पुढे जातो. माझी कसोटी साधी आहे: माउस बाजूला ठेवायचा आणि पान पाहायचं. जे गेलं ती फक्त शोभा असेल, तर ठीक.

मी नावं फोटोखाली लहान अक्षरांत लिहावीत असं सुचवलं आणि त्यावर अडून राहिलो. फोटो माउस नेल्यावर अजूनही हलकेच उजळतात. फोनवर ते उजळणं दिसत नाही, पण समोर कोण उभं आहे हे वाचता येतं.