बटणाला बांधलेला देव

२००९ साली प्लेस्टेशन २ साठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा गेम बाजारात आला. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने तो बनवला होता. गेम म्हणून बेतास बात. पण त्याच्यावर घेतला गेलेला आक्षेप मात्र दखल घेण्याजोगा होता. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात राहणारे हिंदू धर्मप्रचारक राजन झेद यांनी गेम मागे घेण्याची मागणी केली. जॉयस्टिक आणि बटणांनी हनुमानाला हवं तसं फिरवणं ही देवाची अवहेलना आहे, असा त्यांचा मुद्दा होता.

अशा मागण्या वर्तमानपत्रात दोन दिवस टिकतात आणि विरून जातात. तरी ही हसून सोडून देण्यासारखी नव्हती. गीतेच्या अठराव्या अध्यायात ईश्वर सगळ्या जीवांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो, असं सांगितलं आहे. गेममध्ये हे चित्र नेमकं उलटं होतं. यंत्रापुढे माणूस बसतो आणि देवाला फिरवतो.

देव पडद्यावर यावा की नाही, हा वाद आपल्याकडे केव्हाच मिटला. १९१० साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहताना आपल्याला राम आणि कृष्ण दिसत होते, असं दादासाहेब फाळक्यांनीच लिहून ठेवलं आहे. पुढे ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या साळुंके यांनी केल्या. ‘कालियामर्दन’मध्ये (१९१९) फाळक्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. कुणाची भक्ती त्याने बाटली नाही. अडखळायला झालं ते रेखाटलेल्या हलत्या चित्रांपाशी. जपानी निर्माते युगो साको यांनी रामायणावर ॲनिमेशनपट काढायचं ठरवलं तेव्हा इतका नाजूक विषय कार्टूनमध्ये नको, अशी हरकत इथे घेतली गेली. साको यांचा युक्तिवाद बरोबर उलटा होता. राम देव आहे, म्हणूनच त्याला नटाचा ओळखीचा चेहरा देण्यापेक्षा चित्र बरं! राम मोहन यांच्यासारखे भारतीय ॲनिमेटर सोबतीला घेऊन चित्रपट १९९२ मध्ये पूर्ण झाला. हा युक्तिवाद हरकतीपेक्षा अधिक धार्मिक आहे, हे कबूल करायला हवं.

मग उरतो प्रश्न हाताचा. देवाला हाताने हलवणंच पाप असेल, तर कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी काय करायचं? त्यांच्या चामड्याच्या बाहुल्या रामायण सांगतात, आणि राम हलवणारा हात रावणही हलवतो. केरळात भद्रकालीच्या मंदिरांजवळच्या कूत्तुमाड नावाच्या नाट्यगृहांत सावल्यांच्या बाहुल्यांचं रामायण होतं. दारिक असुराशी लढण्यात गुंतल्यामुळे देवीला राम-रावण युद्ध पाहायला मिळालं नाही, म्हणून तिला ते दाखवायचं. समोर माणूस नसला तरी खेळ होतो. काशीजवळ रामनगरच्या रामलीलेत तर राम म्हणजे हाडामांसाचा मुलगा. त्याने काय बोलायचं, कुठे उभं राहायचं, हे व्यास म्हणजे लीलेचे दिग्दर्शक शिकवतात, आणि मुकुट चढला की तोच मुलगा नमस्काराचा धनी होतो. देवाला सूत्र बांधायला परंपरेची कधीच ना नव्हती.

पण बाहुलीवाल्याला कथा बदलता येत नाही. दोरा गुंतला तरी रावण मरणारच. गेममध्ये तशी हमी नसते. खेळणारा कच्चा असेल तर देव खड्ड्यात पडतो, ताकदीची पट्टी रिकामी होते आणि मागच्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात. शिवाय ‘स्माइट’सारख्या गेममध्ये देव एकमेकांशी लढतात, कोण जिंकणार ते खेळणाऱ्यांच्या बोटांवर ठरतं.

मराठी भक्तिपरंपरा इथे अडचण वाढवते, कारण देव भक्ताच्या ताब्यात जाणं तिला मुळीच अमान्य नाही. आईवडिलांच्या सेवेत असलेल्या पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर देव उभा राहिला. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन त्याने पाणी भरलं, जनीबरोबर जातं ओढलं. राबणारा देव आपल्याला प्रिय आहे. तरीही या कथांतला देव जाऊ शकत होता. श्रीखंड्या एक दिवस निघून जातोही, आणि तेव्हाच नाथांना कळतं की तो कोण होता. हनुमानाच्या गेममधल्या उडीत ही सोय नाही. बटण दाबलं की त्याला उडावंच लागतं. झेद यांचा रोख नियंत्रणावर होता; खरी खोट आहे ती नकाराच्या अभावात.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ने यातून एक वाट काढली. खेळणारा चालवतो तो राजी नावाच्या मुलीला. भावाला, गोलूला, असुरांच्या हातून सोडवायला ती निघाली आहे. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात, तिला शस्त्रं मिळतात ती देवांकडून. ते खेळणाऱ्याच्या हाती कुठेच लागत नाहीत. गोष्टीचे दुवे सावल्यांच्या बाहुल्यांसारख्या दृश्यांतून उलगडतात. चतुर तोडगा आहे, पण तोडगाच. देवाला निवेदक केलं की तो सुरक्षित होतो, आणि थोडा लांबचाही. श्रीखंड्याची जवळीक त्यात नाही.

हा पेच पदव्युत्तर वर्गांचा आहे. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसीत ॲनिमेशन हा एम.डेस.चा विषय आहे, एनआयडीत डिजिटल गेम डिझाइन आहे. ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी मुंबईत राष्ट्रीय संस्था उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. रिग म्हणजे पात्र हलवायचा सांगाडा बांधणं, कापड आणि धूर खरे वाटतील असे उडवणं, इंजिन चालवणं हे सगळं शिकवलं जाईल, शिकवायलाही हवं. दोन वर्षं हाताशी असलेल्या विद्यार्थ्याने मात्र एकदा तरी असं पात्र रचून पाहावं, जे बटण दाबल्यावर कधी ऐकेल, कधी ऐकणार नाही, आणि न ऐकण्यामागे त्याचं स्वतःचं काही कारण असेल. तांत्रिकदृष्ट्या हे फारसं अवघड नाही. कधी ऐकायचं नाही, याच्या अटीच तेवढ्या लिहायच्या. त्या अटी ठरवायच्या कशा, हे मात्र कुठलंही इंजिन सांगत नाही. तिथे श्रीखंड्याची गोष्ट नीट वाचलेली असावी लागते. चाचणी घेणारा पहिल्याच दिवशी ‘पात्र प्रतिसाद देत नाही’ अशी बगची नोंद करील. ती नोंद का फेटाळली, हे प्रबंधात पानभर लिहावं लागेल, आणि तोंडी परीक्षेत बहुतेक त्याच पानावर प्रश्न येतील.