सीमेपलीकडचे व्रत

सुरतेच्या पर्वत पाटियात परवान्यावाचून वाइन घेणे हा अपराध; नाशिकचा लहान उत्पादक मात्र काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबवून, त्या सालींचाच रंग उतरवून, तांबडी वाइन उजळ माथ्याने विकतो. दोन्हीकडे मूळ कायदा एकच, १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम. १९६० साली राज्ये वेगळी झाली, तशा वाटाही. मग सीमा ओलांडताच तोच पेला पाप कसा ठरावा? न्यायालय अपराध ठरवील. पापपुण्याचा निवाडा त्याच्या अधिकारकक्षेबाहेरचा. कायदा हातातला पेला काढून घेतो. मनातली तृष्णा ज्याची त्यानेच आवरावी लागते. म्हणून देवापुढे संयमाचा अभिमान मिरवण्यापूर्वी आपण स्वतःस विचारावे: नाशिकास जाताना माझे व्रत माझ्याबरोबर येते काय?