शिकार कोठें करावी?

मनुष्य स्वतःला जे प्रश्न विचारतो त्यांतील पुष्कळसे दिसतात सोयीचे आणि असतात नीतीचे. घर कोठें बांधावें, मुलाला कोणत्या शाळेंत घालावें, पैसा कोणत्या पेढींत ठेवावा, हे प्रश्न आपण हिशेबाच्या वहीवर सोडवूं पाहतों. परंतु त्यांच्या उत्तरांत आपल्या स्वभावाचें जें चित्र उमटतें, तें वहीच्या आंकड्यांत सहसा दिसत नाहीं. अशाच एका प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे. तो आपल्या देशांतला नाहीं. उत्तर अमेरिकेंत शरदृतु आला कीं लक्षावधि शिकारी पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मागें निघतात, आणि त्यांतील ज्यांना मांसापेक्षां भव्य शिंगांची हौस अधिक, ते एकमेकांना विचारतात, “यंदा जावें कोठें?” वरवर पाहतां हा भूगोलाचा प्रश्न आहे. माझें म्हणणें असें कीं, तो नीतीचा आहे, आणि ज्यानें जन्मांत बंदुकीला हात लावला नाहीं अशा वाचकालाही त्यांतून घेण्याजोगें कांहीं आहे.

प्रथम भूगोल पाहूं. ह्या हरणाचीं शिंगें गाईम्हशींच्या शिंगांप्रमाणें जन्मभर टिकणारीं नसतात. आपल्याकडील चितळ-सांबरांप्रमाणें नर तीं टाकून देतो आणि पुन्हां नवीं धारण करतो. वसंतांत तीं मखमली कातड्याखालीं वाढूं लागतात, उन्हाळा सरतांना कठीण होतात आणि हिवाळ्यांत गळून पडतात. त्यांचा विस्तार वय, आहार व आनुवंशिक गुण ह्या तीन गोष्टींवर अवलंबून असतो. नर साधारण पांच-सहा वर्षांचा झाला म्हणजे त्याचीं शिंगें पूर्ण वैभवाला येतात. म्हणून जेथें माती सकस, मका व सोयाबीन मुबलक, आणि नराला तेवढें वय गांठूं देण्याइतका संयम शिकाऱ्यांच्या ठिकाणीं आहे, तेथें थोर शिंगें सांपडतात. इलिनॉय राज्यांतील पाइक परगणा, विस्कॉन्सिनमधील मिसिसिपी नदीकांठचा बफेलो परगणा, आयोवा राज्य, कॅनडांतील सस्कॅचेवान प्रांत, हीं नांवें ह्या मंडळींच्या तोंडीं तीर्थक्षेत्रांच्या नांवांसारखीं असतात.

शिंगांची थोरवी ठरविण्याचें मापही ठरलेलें आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनीं इ. स. १८८७ मध्यें आपल्या मित्रांसह ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ स्थापन केला. त्या संस्थेनें १९५० मध्यें स्वीकारलेल्या पद्धतीप्रमाणें शिंगें साठ दिवस वाळूं देतात; मग त्यांची लांबी, फांट्यांची उंची, जाडी व दोहोंमधील अंतर इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून गुण देतात. रेखीव शिंगांच्या वर्गांत १७० गुण मिळाले म्हणजे संस्थेच्या कायमच्या नोंदवहींत नांव चढतें. १९९३ सालीं सस्कॅचेवानमध्यें एका शेतकऱ्यानें मारलेल्या नराच्या शिंगांना २१३ पूर्णांक ५/८ गुण मिळाले व तो त्या वर्गांतील जागतिक उच्चांक ठरला.

आतां ह्याच नोंदवहीचें दुसरें पान उलटूं. ज्या शिंगांना वेडेवाकडे, अनियमित फांटे फुटतात त्यांचा वर्ग निराळा असतो. त्या वर्गांत ३३३ पूर्णांक ७/८ गुणांनीं जें मस्तक अग्रस्थानीं नोंदलें गेलें, तें १९८१ सालीं मिसूरी राज्यांत सेंट लुईस परगण्यांत मरून पडलेल्या नराचें आहे. त्याच्या खालोखाल ३२८ पूर्णांक २/८ गुणांचें मस्तक ओहायो राज्यांतलें. तो नर १९४० मध्यें रेल्वेच्या रुळाशेजारीं मेलेला आढळला. दोघांनाही कोणा शिकाऱ्यानें मारलें नव्हतें. ज्या राज्यांत हजारों बंदुका आणि धनुष्यें दर वर्षीं रानांत उतरतात, त्याच राज्यांत हे दोन महामृग म्हातारे होईपर्यंत जगले आणि कोणाच्याही नांवाला कीर्ति न देतां मेले.

ह्या दोन मस्तकांनीं सगळ्या प्रश्नावर लख्ख प्रकाश पडतो असें मला वाटतें. शिंगांचे गुण हे शिकाऱ्याचे गुण नव्हेत. तीं शिंगें मातीचीं, पावसाचीं, मक्याच्या कणसांचीं आणि त्या प्राण्याच्या सावधपणाचीं साक्ष देतात. त्यांच्या इंचांत मनुष्याच्या कर्तृत्वाचा एक अष्टमांशही मोजलेला नसतो. मग भिंतीवर टांगलेल्या मस्तकांत शिकाऱ्याचें स्वतःचें असें काय असतें? माझ्या मतें त्याचें स्वतःचें एवढेंच: जेथें यश अनिश्चित होतें अशा ठिकाणीं तो गेला, त्यानें कष्ट सोसले, थांबण्याच्या वेळीं तो थांबला, आणि हरणाला निसटून जाण्याची जी वाट होती ती त्यानें बुजविली नाहीं. ही अनिश्चितता वजा केली कीं मागें उरतें तें केवळ हाड.

आणि ती वजा करण्याचा धंदा चांगला चालतो. टेक्सस राज्यांत बहुतेक जमीन खाजगी मालकीची आहे. तेथें व इतर कांहीं राज्यांत उंच तारेच्या कुंपणांत निवडक वंशाचीं हरणें पाळतात, त्यांना पौष्टिक खाद्य देऊन मोठ्या शिंगांचे नर तयार करतात, आणि शिंगांच्या गुणांप्रमाणें किंमत ठरवून ते शिकाऱ्याला मारावयास देतात. अशा ठिकाणीं जाणाऱ्याला रिकाम्या हातानें परतण्याची भीति जवळजवळ नसते. वर सांगितलेली संस्था कुंपणांत मारलेल्या हरणाची नोंद घेत नाहीं. पाठलाग न्याय्य असला पाहिजे हा तिचा दंडक आहे.

येथें एक आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाहीं. हरणाच्या बाजूनें पाहिलें तर गोळी कुंपणाच्या आंत लागली काय आणि बाहेर लागली काय, मरण तेंच. उलट मोकळ्या रानांत जखमी होऊन रात्रभर तडफडण्यापेक्षां कुंपणांत एका गोळीनें आलेलें मरण अधिक सुसह्य असेल. मग न्याय्य पाठलागाचें हें सोंवळें म्हणजे शिकाऱ्याच्या अहंकाराला दिलेलें गोंडस नांव नव्हे काय? मला हा आक्षेप निम्मा मान्य आहे. त्या नियमानें हरणावर दया होत नाहीं, आणि तशी बढाई शिकाऱ्यानें मारूं नये. त्या नियमाचा संबंध मनुष्याच्या खरेपणाशीं आहे. भिंतीवरील मस्तक हें एक मूक विधान असतें, पाहुण्याला तें सांगतें, “ह्या मनुष्यानें रानांतल्या एका अतिसावध जिवाला त्याच्याच घरीं गांठलें.” तें कुंपणांतून आणलेलें असेल तर विधान खोटें ठरतें. एका जिवाचा वध करून वर त्याच्या नांवानें खोटें बोलणें, हे दोन दोष आहेत. आणि पहिल्याबद्दल वाद असला तरी दुसऱ्याबद्दल असूं नये.

परंतु कुंपण केवळ तारेचेंच असतें असें कोठें आहे? पाइक परगण्यासारख्या प्रदेशांत धनिक शिकारी शेतें खंडानें घेतात, हरणांसाठीं मुद्दाम चाऱ्याचे पट्टे पेरतात, झाडाझाडांवर आपोआप छायाचित्रें घेणारीं यंत्रें बांधतात, आणि कोणता नर किती वाजतां कोणत्या वाटेनें येतो ह्याचें टिपण महिनोन्‌महिने ठेवून मग मचाणावर बसतात. हरीण कायद्यानें मोकळें असतें. पण त्याच्या दिनचर्येभोंवतीं एक अदृश्य कुंपण विणलेलें असतें. शिवाय शिकारीचा ऐन बहर नोव्हेंबरांत, म्हणजे हरणांच्या माजाच्या दिवसांत येतो. एरवीं रात्रीखेरीज न दिसणारा वृद्ध नर त्या दिवसांत मादीच्या मागें भान विसरून दिवसाउजेडीं हिंडतो, आणि शिकारी शिंगांवर शिंगें आपटून किंवा नराच्या घोरण्याची नक्कल करून त्याला बोलावून घेतात. महाभारतांतील किंदम ऋषीची कथा येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. मृगरूपानें क्रीडा करणाऱ्या त्या ऋषीला पांडूनें बाण मारला, तेव्हां त्याची तक्रार मृग मारल्याबद्दल नव्हती. तेवढा एक क्षण तरी थांबावयास हवें होतें, अशी होती. राजाची मृगया त्यानें मान्य केली आणि त्या मृगयेची वेळ मात्र अमान्य केली. शाकुंतलाच्या आरंभीं तपस्वी दुष्यंताला अडवितात तेंही मृगयेच्या नांवानें नव्हे, जागेच्या नांवानें: हा आश्रमाचा मृग आहे, हा मारावयाचा नाहीं. राजा बाण परत घेतो. कोणता प्राणी, ह्याच्याइतकेंच कोठें आणि केव्हां, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत हें आपल्या पूर्वजांनीं ओळखलें होतें.

अमेरिकेंत ‘कोठें’ ह्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. इंग्लंडांत हरणें एके काळीं राजाचीं असत. अमेरिकेनें तीं प्रजेचीं मानलीं. पण आरंभीं प्रजेनें तीं बाजारांत विकण्यासाठीं इतकीं मारलीं कीं, १९०० च्या सुमारास त्यांची संख्या पांच लाख किंवा त्याहूनही कमी उरली असावी असा अंदाज आहे. पुढें कायदे झाले. १९०० च्या लेसी कायद्यानें बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांमधील व्यापार बंद केला; १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानें बंदुका व दारूगोळा यांवरील कराचें उत्पन्न वन्यजीवांच्या रक्षणाकडे वळविलें. आज हीं हरणें सुमारें तीन कोटी मानलीं जातात. म्हणजे ज्या कळपांत शिकारी आपलें मानचिन्ह शोधतो, तो कळप दोन-तीन पिढ्यांतील सामान्य शिकाऱ्यांच्या पैशानें व संयमानें उभा राहिलेला आहे. अशा सार्वजनिक ठेव्याभोंवतीं पैशाच्या जोरावर खाजगी दार बसविणें, आणि ज्या शेजाऱ्याचा बाप त्या शेतांत विनामूल्य शिकार करीत असे त्याला रस्त्यावर उभें करणें, हें कायद्यांत बसेलही. न्यायांत कितपत बसतें हें पाहिलें पाहिजे. ह्या दृष्टीनें आयोवा राज्याची रीत मला बरी वाटते. तेथें परराज्यांतील शिकाऱ्यांना ठराविकच परवाने चिठ्या टाकून देतात, आणि कित्येकांना वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते. वाट पाहणें हाही शिकारीचाच एक भाग आहे.

कुंपणाच्या धंद्याचा भारही शेवटीं सर्वांवरच पडतो. १९६७ मध्यें कोलोरॅडोंतील एका संशोधनकेंद्राच्या कोंडवाड्यांत हरणांना क्षय लावणारा एक असाध्य मेंदूचा रोग प्रथम ध्यानांत आला. तो पुढें रानांतही आढळला व अनेक राज्यांत पसरला. बंदिस्त हरणांची एका ठिकाणाहून दुसरीकडे ने-आण करण्याच्या व्यापारानें त्याला दूरदूर जाण्यास हातभार लावला. निश्चित यशाच्या हांवेची किंमत अशी ज्यानें यश मागितलेंच नव्हतें त्याला मोजावी लागते.

शिकाऱ्याच्या बाजूनें सर्वांत सबळ युक्तिवाद असा कीं, लांडगे नाहींसे झालेल्या प्रदेशांत हरणें बेसुमार वाढतात, पिकें व जंगलांतील कोंवळीं झाडें खाऊन टाकतात, म्हणून त्यांना मारणें अवश्य आहे. हें खरें आहे. पण कळपाची संख्या माद्यांवर ठरते. थोडे नर मेल्यानें ती फारशी घटत नाहीं. आणि पांच-सहा हिवाळे काढलेल्या एका भव्य नराच्या मरणाची रानाला सर्वांत कमी गरज असते. गरजेचें समर्थन पुढें करून हौस भागवावयाची असेल तर आधीं गरज भागवावी. विस्कॉन्सिन राज्यांत कांहीं वर्षें, कांहीं भागांत, असाच नियम होता: आधीं एक शिंगरहित हरीण मारावें, मगच नर मारण्याचा हक्क मिळेल. शिकाऱ्यांना तो इतका अप्रिय झाला कीं २०११ मध्यें तो रद्द करावा लागला. त्या अप्रियतेंत बरेंच सत्य उघड झालें.

मग जावें कोठें? मी कोणाला परगण्याचें नांव सांगूं शकत नाहीं. पण जागा निवडतांना स्वतःला विचारण्याजोगे तीन प्रश्न सुचवितों. येथून रिकाम्या हातानें परतण्याचा संभव खरोखर आहे काय? माझ्या येण्यानें ही भूमि व तिचे शेजारी आधींपेक्षां वाईट स्थितींत तर राहणार नाहींत ना? आणि घरीं भिंतीवरच्या मस्तकाखालीं त्या जागेची व रीतीची संपूर्ण हकीकत लिहून लावण्याची माझी तयारी आहे काय? तिन्हींचें उत्तर समाधानकारक असेल अशा ठिकाणीं कदाचित् १७० गुणांचा नर आयुष्यभर दिसणारही नाहीं. जीवहत्या मुळांतच त्याज्य मानणाऱ्या वाचकाला हे प्रश्न अपुरे वाटतील, आणि त्याच्याशीं मी भांडणार नाहीं. पण जे शिकारीला जाणारच, त्यांच्यासाठीं कांहीं मर्यादा असावी कीं नाहीं, हा प्रश्न त्यानें अपुरा म्हटल्यानें सुटत नाहीं.

आपल्या देशांत १९७२ च्या कायद्यानंतर हौसेची शिकार उरली नाहीं, तेव्हां हा विचार दूरचा वाटेल. पण ज्या परीक्षेंत पहिला वर्ग सहज मिळतो ती शोधणारा विद्यार्थी, जेथें पारितोषिक ठरलेलेंच आहे त्या स्पर्धेंत उतरणारा लेखक, आणि जेथें टाळ्या निश्चित त्याच सभेंत बोलणारा वक्ता, हे आपल्यांत थोडे नाहींत. अध्यापकाच्या धंद्यांत तीस वर्षें काढल्यावर मला असें दिसतें कीं, मनुष्याला काय मिळालें ह्यावरून त्याची परीक्षा करणें कठीण असतें. जेथें न मिळण्याचा संभव होता अशा किती ठिकाणीं तो आपण होऊन गेला, हें पाहिलें म्हणजे ती पुष्कळ सोपी होते.